रविवारच्या युद्धाचं आमंत्रण

डेलमार उन्रूच्या घरात कधी भांडण झालं नाही. न्यूटन गावात त्याचं कौतुक व्हायचं. एवढा संसार केला, पण शेजाऱ्याच्या कानावर आवाज गेला नाही म्हणून. खरी गोष्ट अशी होती की भांडायला दोन माणसं लागतात, आणि डेलमार रागावला की तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा. दोन दिवस, चार दिवस, कधी पंधरवडा. बायको एर्ना त्याच्या मानेकडे बघून मुलांना सांगायची, "डॅडना तुझं उशिरा येणं आवडलेलं नाही," किंवा "राग गेलाय, जा, जेवायला हाक मार." नवऱ्याचं मौन वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती होती तोवर घर चाललं.

आम्हा मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांना तीन गोष्टी आईच्या दुधाबरोबर मिळतात. हातात शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, खोटं बोलायचं नाही. आपलं होय ते होय आणि नाही ते नाही. याच हट्टापायी आमच्या पणजोबांनी रशियातली गव्हाची शेतं सोडली आणि अमेरिकेत कॅन्ससात येऊन पुन्हा गहू पेरला. अशा गावात डेलमारचा मुलगा डॅरेन एकोणिसाव्या वर्षी हवाई दलात भरती होऊन घरी सांगायला आला. विमानांचं वेड त्याला लावलं होतं डेलमारनेच. विचिटाच्या कारखान्यात विमानांच्या पत्र्यांना रिबिटा मारण्यात बापाचा जन्म गेला, आणि पोरगा त्याच्या मांडीवर बसून पंखांची चित्रं काढत मोठा झाला. आता त्याच पोराने गणवेश चढवला म्हटल्यावर डेलमारने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो एक शब्द बोलला नाही. ताटातला घास संपवला, उठला आणि गोठ्याकडे गेला. पुढे कित्येक वर्षं तो मुलाशी बोलला नाही.

एर्ना मुलाला फोन करायची, तिकडचं इकडे सांगायची. मग ती आजारी पडली. शेवटच्या दिवसांत डेलमारने मुलाचा नंबर लावला होता, नाही असं नाही. तिकडून "हॅलो" ऐकू आलं की तो फोन ठेवून द्यायचा. डॅरेन आला तो थेट मातीला. कबरीपाशी त्याने विचारलं, "मला का नाही कळवलंत?" डेलमार हातातल्या टोपीकडे बघत राहिला. जाताना डॅरेन बहिणीला, लोर्नाला, सांगून गेला की या माणसाचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही.

देवाला विनोदाचं अंग आहे असं म्हणतात, पण असला विनोद त्यानेही करू नये. दोन वर्षांनी डेलमारच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून काचेत अडकलेल्या माशीसारखी गुणगुण यायची, शब्द काही कळायचे नाहीत. त्याने ते परत केलं आणि खिशात एक छोटी पांढरी पाटी बाळगायला लागला. लोर्नाला त्याने पहिलं वाक्य लिहून दाखवलं ते असं: "डॅरेनला सांगू नकोस. दया म्हणून आलेला मुलगा मला नको."

लोर्ना चिडून म्हणाली, "तो म्हणतो डॅडचं सांगू नको, तुम्ही म्हणता माझं सांगू नको. मी काय करू, गवताशी बोलू? शेजारणींची पोरं दर रविवारी बापाला फोन करतात. आमचा शहाणा रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर लढाई खेळत बसतो. कोल्हा म्हणवून घेतो म्हणे तिथे स्वतःला."

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. पण डेलमारने ऐकायचं ते ऐकलं होतं.

कॉम्प्युटरवर विमान उडवणं डेलमारला नवं नव्हतं. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो चर्चच्या तळघरात भरणाऱ्या मंडळाबरोबर उडत होताच. लढाईचा हा खेळ मात्र निराळा. नाव त्याचं 'आघाडी'. जुन्या महायुद्धातला सगळा युरोप, आणि त्यातला प्रत्येक शिपाई, प्रत्येक रणगाडा, प्रत्येक विमान म्हणजे कुठेतरी खुर्चीत बसलेला एक जिवंत माणूस. गावं जिंकली जातात, हातची जातात, आठवडेच्या आठवडे एकच मोहीम चालते. दोन बाजू, आपल्या बाजूच्या लोकांशी कानाला यंत्र लावून बोलता येतं, टाइप करता येतं. शत्रूला मात्र तुमचं अक्षरही पोचत नाही, तसा नियमच आहे. डेलमारने नाव घेतलं 'बगळा' आणि जाऊन उभा राहिला तो नेमका कोल्ह्याच्या तुकडीत.

पहिल्याच दिवशी कानात डॅरेनचा आवाज आला, "कोण रे हा बगळा? बोल की बाबा." डेलमारचं विमान धावपट्टीवरच गोल फिरलं. त्याने दोन बोटांनी टाइप केलं: माइक बिघडलाय. आयुष्यातलं हे त्याचं पहिलं धडधडीत खोटं, आणि ते त्याला अगदी सहज जमलं.

त्यानंतर वर्षभर, दर रविवारी, डेलमार मुलाच्या पंखाला पंख लावून उडला. बगळा कधी गोळी झाडायचा नाही. वर तरंगत राहायचा, शत्रू दिसला की लिहायचा: मागे दोन, उजवीकडे वर. कधी लिहायचा: डाव्या पंखाचा पत्रा मुळाशी फाटेल, जप. कोल्हा हसायचा. "बगळोबा, तुझ्या बंदुकीत चिमण्यांनी घरटं केलं असेल बघ. पण डोळे मात्र लेका घारीचे आहेत तुझे." कधी लढाई थंड असली की तो सहज काहीबाही बोलायचा. नव्या ठिकाणी भाड्याने घर घेतलंय, भिंती पातळ आहेत. बायकोला गव्हाच्या पिठाचा फुफाटा सोसत नाही, म्हणून घरात पाव भाजणं बंद. एकदा म्हणाला, "माझी आई असले पाव करायची ना बगळ्या, तुला सांगतो." आणि पुढे काही न बोलता बराच वेळ उडत राहिला. डेलमारने लिहिलं: सांग. पण तेवढ्यात खालून तोफा सुरू झाल्या.

आणि मग त्या उन्हाळ्यात, गव्हाची कापणी चालू असताना, खेळ चालवणाऱ्या कंपनीची सूचना आली. खेळणारे घटले आहेत. रविवारची गर्दी वाढली नाही तर कापणीचा हंगाम संपता संपता 'आघाडी' बंद करण्यात येईल.

डेलमार सूचना वाचून तसाच बसून राहिला. दुसरं कुठलं ठिकाण होतं त्याच्याकडे? फोनवर बोलायला गळा नव्हता, पत्र लिहिलं तर नाव बघून फाडलं गेलं असतं. जगात मुलाचा आवाज ऐकायची ती एवढीच फट होती, आणि ती बुजवायला निघाले होते.

कोल्हा काही स्वस्थ बसणाऱ्यातला नव्हता. त्याने एक आवाहन लिहिलं आणि सगळीकडे लावायला तुकडीला दिलं. "ढगांतून तासन्‌तास मालवाहू विमान नेऊन, ते कुणी टाळी वाजवणारं नसताना अलगद उतरवणाऱ्या थोर मंडळींनो," अशी त्याची सुरुवात होती. "तुमच्याइतकं सुबक विमान आमच्यातल्या कुणाला चालवता येत नाही. आम्ही सगळे खाटीक आहोत. एका रविवारी इकडे या. इथल्या आभाळात दुसरी माणसं आहेत." मग कानातल्या यंत्रावरून तो म्हणाला, "असली म्हातारी-कोतारी मंडळं असतात रे गावोगावी. आपापल्या गावातली धरून आणा. बगळ्या, तुझ्या ओळखीचं आहे कुणी?"

डेलमारच्या ओळखीचं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. मंडळ आणावं तर न्यूटनचे लोक, त्याला पाळण्यापासून ओळखणारे, डॅरेनलाही ओळखणारे. न आणावं तर खेळच उरत नाही. त्याने टाइप केलं: आहे.

मंडळ चर्चच्या तळघरात बुधवारी भरायचं. प्रमुख वेंडेल कोएन, आधी धान्याच्या कोठाराचा व्यवस्थापक आणि चाळीस वर्षं संडे स्कूलचा मास्तर. अर्ध्या गावाला त्याने बायबल शिकवलं होतं. त्याच्या खालोखाल ओपल रेगियर, निवृत्त परिचारिका, जी कॉम्प्युटरवरही फक्त रुग्णवाहू विमान चालवायची आणि खिडकीच्या कडेला झोपवलेल्या रुग्णाचं ब्लँकेट नीट आहे ना म्हणून मागे वळून बघायची. या लोकांची रीत अशी की उडण्याआधी प्रत्येकाने हवेवर, म्हणजे रेडिओवरून, आपलं नाव, गाव आणि कुठे निघालो ते सांगायचं. रांग मोडायची नाही. घाई करणाऱ्याला आमच्या धावपट्टीवर जागा नाही.

डेलमारने आवाहनाचा कागद टेबलावर ठेवला आणि पाटीवर लिहिलं: "एक रविवार. माझ्यासाठी."

वेंडेलने चष्मा वर करून वाचलं. "युद्ध? डेलमार, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"कुणी मरतं का त्यात?" ओपलने विचारलं.

डेलमारने लिहिलं: "मरतात. पुन्हा उठतात."

"मग ते युद्ध कसलं? ती तर आमच्या वॉर्डातली सकाळची पाळी झाली," ओपल म्हणाली.

तळघरात हशा झाला, पण वेंडेल हसला नाही. "मी गोळी झाडणार नाही. खोट्या माणसावरही नाही. हाताला सवय लागते."

डेलमारने खोडून घाईघाईने लिहिलं: "मीही झाडत नाही. मालवाहू विमानं आहेत. अन्न, औषधं टाकायची."

"आणि हवाई छत्रीने उडी मारणारे शिपाई," मागून कुणीतरी म्हणालं, "मी वाचलंय त्याबद्दल."

"ते आपल्या पायाने उतरतात. आपण नुसते गाडीवान," वेंडेल विचार करत म्हणाला.

"गाडीवानाला सगळं ठाऊक असतं हो," ओपल म्हणाली. "पण एक रविवार जाऊ. या माणसाने आजवर कधी काही मागितलेलं नाही."

मग नावाचा प्रश्न निघाला. तिथे लोक टोपणनावं घेतात म्हटल्यावर वेंडेलने मान हलवली. खोटं नाव म्हणजे खोटंच. ज्याला यायचं त्याने स्वतःच्या नावाने यायचं. डेलमारने त्याला जिन्यापाशी गाठलं आणि पाटी पुढे केली: "तिथे मी बगळा आहे. माझं नाव घेऊ नकोस. कुणापुढेच."

"का?"

डेलमारचं पेन पाटीवर टेकलं आणि तसंच राहिलं. ज्या मुलाशी आपण शस्त्रापायी बोललो नाही, त्याचा आवाज ऐकायला आपण चोरासारखे युद्धात जातो, हे पाटीवर मावणार कसं? त्याने पाटी खिशात घातली.

वेंडेलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नाव नाही घेणार. पण कुणी तोंडावर विचारलं तर खोटं बोलवणार नाही मला, हे आधीच सांगतो."

तेवढ्यावर डेलमारने समाधान मानलं. विचारतंय कोण, असं त्याला वाटलं.

रविवारी प्रार्थना झाली, जेवणं झाली, आणि ज्या वेळी गावात लोक कॉफीबरोबर पाव आणि जाम घेऊन बसतात त्या वेळी न्यूटनची विमानं उत्तर फ्रान्समधल्या एका धावपट्टीवर एकामागे एक उभी राहिली. सुबक रांग, सारखं अंतर. डेलमार आपल्या घरी, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, बगळ्याच्या विमानातून वरून ते बघत होता आणि त्याला अभिमान वाटला. पडद्याच्या कडेला नावांची यादी लांबत चालली होती. आणखी कुठकुठली मंडळंही आली होती. कित्येक महिन्यांत बघितली नव्हती एवढी गर्दी.

"न्यूटनहून वेंडेल कोएन," हवेवर आवाज आला. "धावपट्टीवर येतोय, पूर्वेकडे निघालो, अन्न आणि औषधं. सगळ्यांना नमस्कार."

कोल्ह्याची बडबड एकदम थांबली.

"आजोबा, हवेत या लवकर, उत्तरेकडून शत्रूची विमानं निघालीत," तुकडीतला दुसरा कुणी म्हणाला. "आणि ती मागची बाई थांबलीय कशाला? आजी, उडा."

"माझ्यापुढे मिस्टर कोएन आहेत," ओपल म्हणाली.

"अहो आजी, रांग गेली खड्ड्यात."

"तुमच्याकडे जात असेल. आमच्याकडे नाही जात."

एरवी कोल्ह्याने असल्या बोलण्यावर खुर्चीतून पडेपर्यंत हसून घेतलं असतं. आज त्याने अगदी हळू विचारलं, "वेंडेल कोएन म्हणजे संडे स्कूलचे?"

"तोच," वेंडेल खुशीत म्हणाला. "तू कुणाचा रे बाळ?"

आमच्याकडे दोन माणसं भेटली की हाच पहिला प्रश्न. आई कुठली, आजा कोण, कुठल्या चर्चचे. दोन कप कॉफीत नातं निघतंच. डेलमार खुर्चीच्या टोकाला आला. त्याने टाइप केलं: वेंडेल, बोलू नकोस. अक्षरं पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात उमटली. पण न्यूटनचे लोक उडताना उंचीच्या काट्यावरून डोळा काढत नाहीत, कोपऱ्यात बघणार कोण.

कोल्ह्याने उलट विचारलं, "तुम्हाला इथे कुणी आणलं, सर?"

"तुमच्या त्या बगळ्याने."

"बगळा न्यूटनचा आहे?"

"हो."

डेलमारने लिहिलं: वेंडेल नको. पुन्हा लिहिलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं. कोपऱ्यातल्या ओळी वर सरकत गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी कुणाला पाडलं याच्या बातम्या येऊन बसल्या. त्याने वेंडेलला फोन लावला. वेंडेलच्या घरी घंटा वाजली असेल आणि कानावर लावलेल्या यंत्राच्या आड विरून गेली असेल. आणि त्याने उचलला असता तरी डेलमार त्याला काय ऐकवणार होता?

"तो बंदूक चालवत नाही," कोल्हा म्हणाला. आता तो कुणाला विचारत नव्हता, एकेक रिबीट ठोकावी तसं बोलत होता. "विमानाचा पत्रा फाटला तर कुठून फाटेल हे त्याला आधी कळतं. वर्षभर एक शब्द बोलला नाही." मग थांबून म्हणाला, "सर, तुम्ही मला खोटं न बोलायला शिकवलंत. बगळा म्हणजे डेलमार उन्रू का?"

वेंडेलला आता आवाज ओळखू आला असणार, कारण त्याने जड श्वास घेतला. तो गप्प राहू शकला असता. पण चाळीस वर्षं पोरांना एकच धडा शिकवलेला माणूस, त्याला विचारलेल्या प्रश्नावर गप्प बसणंही खोटंच वाटत असे.

"हो," वेंडेल म्हणाला.

त्याच क्षणी उत्तरेकडची विमानं रांगेवर येऊन पडली. ओपल "माझा पंख गेला, माझा पंख गेला" म्हणून ओरडत होती, कुणी प्रार्थना म्हणत होतं, कुणी विचारत होतं की आता परत जायला कुणाची परवानगी घ्यायची. त्या सगळ्या गोंधळाच्या वरून डॅरेनचा आवाज आला.

"डॅड."

डेलमारने पडद्यावर हात ठेवला.

"डॅड, ऐकताय ना? वर्षभर ऐकत होतात. माझी बायको, माझं घर, आईचे पाव. सगळं ऐकलंत. आता बोला. मला काही मोठं नको. एक शब्द बोला."

डेलमार दोन बोटांनी टाइप करत होता. माझा आवाज गेला. चुकून दुसरंच बटण लागलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. माझा आवाज गेला डॅरेन. गाठ होती. त्याने पाठवलं.

"आवाज गेला," डॅरेनने वाचलं. "आधी माइक बिघडला होता. आता आवाज गेला." तो हसला, पण ते हसू डेलमारने आजवर ऐकलेलं नव्हतं. "आईच्या कबरीपाशी काय गेलं होतं, डॅड?"

डेलमारचं तोंड उघडलं. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा बाहेर आली. तो उठून उभा राहिला, जणू उभं राहिल्याने काही होणार होतं, आणि मग पुन्हा बसून टाइप करायला लागला. मला माफ, एवढं लिहून होतंय तोवर यादीतलं कोल्ह्याचं नाव विझलं.

"बाळ, खरं आहे ते," वेंडेल हवेवर सांगत होता. त्याचं विमान पेटलं होतं तरी तो सांगत होता. "विचिटाच्या इस्पितळात काढली पेटी. मी होतो बरोबर. त्याला बोलताच येत नाही रे, डॅरेन. तुझ्या आईचं नाव घ्यायचा प्रयत्न करत होता शुद्धीवर आल्यावर, मी पाहिलंय. ऐकतोयस ना?"

तिथे ऐकायला कुणी नव्हतं. डेलमार एकटा ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने लोर्नाला बोलावून पाटी दाखवली: "त्याला सांग. घशाचंही सांग." लोर्नाने त्याच्यासमोरच भावाला फोन लावला आणि डॅडना ऐकू यावं म्हणून तो टेबलावर ठेवला. तिने सगळं सांगितलं. गाठ, इस्पितळ, पाटी.

मग डॅरेन म्हणाला, "आवाज होता तेव्हा तरी कुठे वापरला त्यांनी?"

फोन बंद झाला. लोर्ना बापाकडे बघू शकली नाही. ती उठून भांडी घासायला लागली. यात खोटं काय होतं? डेलमारला उत्तर सुचलं असतं तरी ते लिहायला त्याला तोंड नव्हतं.

खेळ मात्र वाचला. कंपनीने आभाराची सूचना लावली, विमानप्रेमी मंडळींच्या प्रतिसादामुळे 'आघाडी' चालू राहील अशी. त्यातही दैवाने हा चिमटा काढलाच. न्यूटनच्या मंडळाला तर खेळाची गोडीच लागली. ओपल रेगियर आता तोफांच्या माऱ्याखालून औषधं पोचवते आणि परत येताना रांगेत उभी राहते. सगळ्या आघाडीवर तिला आजी म्हणतात. फक्त कोल्हा हे नाव यादीत पुन्हा दिसलं नाही. डेलमार तरीही दर रविवारी गेला. न जाऊन काय करणार?

पानगळ सुरू झाल्यावरच्या एका रविवारी तो नेहमीच्या उंचीवर एकटा तरंगत असताना मागून शत्रूच्या बाजूचं एक जर्मन विमान आलं. त्याने फार जवळ येऊन, घाई न करता, डेलमारचं विमान पाडलं. पडद्यावर अशा वेळी पाडणाऱ्याचं नाव येतं. लोक तिथे वाघ, वीज, मृत्यू अशी नावं लावतात. तिथे लिहिलं होतं: डॅरेन उन्रू, न्यूटन.

डेलमारने त्याच दिवशी पुन्हा विमान घेतलं, पुन्हा त्याच उंचीवर गेला. डॅरेन पुन्हा आला. पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही आला. गर्दीच्या लढाया खाली चालू असायच्या, बक्षिसं, बढत्या सगळं तिकडे. तो त्यातलं काही न बघता ढगांमधून म्हाताऱ्याला शोधून काढायचा. तो आता शत्रूच्या बाजूला होता, आणि शत्रूला शब्द पोचत नाही, त्यामुळे लिहिण्याचा प्रश्नच नव्हता.

वेंडेलला हे कळल्यावर तो पाव घेऊन डेलमारकडे आला. त्या दिवशी 'हो' म्हटल्यापासून त्याची झोप उडाली होती, आणि तसं त्याने डेलमारला सांगितलंही होतं. डेलमारने त्याला पाटीवर लिहून दिलं होतं की तू खरं बोललास, चूक माझी. दोघं पडद्यासमोर बसले. थोड्या वेळाने मागे, उन्हाच्या बाजूला, एक ठिपका दिसला.

"आला," वेंडेल म्हणाला. "अरे वळ ना. डावीकडे ढग आहे, शीर त्यात."

डेलमारने दांडी सरळ धरली. ठिपक्याला पंख फुटले.

"डेलमार, वळ रे. वेडा झालास का? किती सरळ चाललायस तू."

डेलमारने एका हाताने दांडी तशीच धरून दुसऱ्या हाताने पाटीवर वाकडंतिकडं लिहिलं: "वळलो तर त्याचा नेम चुकेल."

गोळ्या आल्या. पंख तुटला, जमीन फिरत वर आली आणि पडद्यावर मुलाचं नाव उमटलं. ते विझेपर्यंत डेलमार त्याच्याकडे बघत राहिला. वेंडेलने चष्मा काढून डोळे पुसले आणि पावाचा तुकडा मोडून त्याच्यापुढे सरकवला, पण डेलमारचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने नवं विमान मागून घेतलं होतं. "अजून थोडा वेळ असतो तो," असं पाटीवर लिहून तो धावपट्टीवर जाऊन उभा राहिला.